माशीचा डोळा, माणसाचा डोळा आणि पेशींची वंशावळ

उत्क्रांतीचा धडा शिकवताना फळ्यावर बहुधा चार आकृत्या काढल्या जातात: माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर. बाहेरून चारही वेगळे, पण आत हाडांची मांडणी तीच. म्हणजे या चौघांचा पूर्वज एक असला पाहिजे. मुलांना हे पटते, कारण ते डोळ्यांना दिसते. पण वर्गात एखादा चौकस विद्यार्थी असतोच. तो विचारतो, "सर, मग माशीचा डोळा आणि आपला डोळा? तेही एकाच पूर्वजाकडून आले का?"

इथे शिक्षकाची पंचाईत होते. हो म्हणावे तर दोन्ही डोळ्यांच्या बांधणीत काहीच साम्य नाही. आपला डोळा कॅमेऱ्यासारखा. एक भिंग, मागे एक दृष्टिपटल. माशीचा डोळा शेकडो बारीक नळ्यांची मोळी बांधावी तसा, आणि प्रत्येक नळीला आपले स्वतंत्र भिंग. नाही म्हणावे, तर इतकी गुंतागुंतीची वस्तू निसर्गाने पुन्हा पुन्हा नव्याने घडवली असे म्हणावे लागते. ही पंचाईत केवळ शिक्षकांची नव्हती. १९७७ साली साल्विनी-प्लावेन आणि एर्न्स्ट मायर या दोघा जीवशास्त्रज्ञांनी प्राणिसृष्टीतील डोळ्यांचा सविस्तर आढावा घेतला आणि प्रकाश टिपणारे अवयव किमान चाळीस, कदाचित पासष्ट किंवा त्याहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले असावेत असा निष्कर्ष काढला. पुढे १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेने नेमका उलट सूर लावला. फळमाशीचा डोळा घडण्यासाठी लागणारे एक जनुक त्यांनी माशीच्या पायात आणि पंखात कार्यान्वित केले, तेव्हा तिथे डोळे उगवले. मग त्याच जनुकाचा उंदरातला भाऊबंद, 'पॅक्स ६', त्यांनी माशीत घातला. तरीही डोळे उगवले, आणि तेही माशीचेच डोळे. जे जनुक उंदराचा डोळा घडवते तेच माशीचाही घडवू शकते, तर मग दोन्ही डोळे एकाच मुळाचे नाहीत काय?

मग खरे काय? एकदा की पासष्टदा?

आमच्या मते हा प्रश्नच थोडा चुकीच्या पातळीवर विचारला जात होता. डोळा हा अवयव आहे, आणि अवयव म्हणजे अनेक जातींच्या पेशींनी मिळून थाटलेला संसार. संसार नवा असू शकतो आणि त्यातली माणसे जुन्या घराण्यांतली असू शकतात. तेव्हा डोळ्याची वंशावळ शोधण्याआधी डोळ्यातल्या पेशींची वंशावळ शोधायला हवी. हाडांना जशी वंशावळ असते तशी ती पेशींच्या प्रकारांनाही असते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ती बऱ्यापैकी वाचता येऊ लागली आहे आणि डोळ्याची गोष्ट हे तिचे सर्वात चांगले उदाहरण आहे.

पेशीचा प्रकार कशावरून ठरवायचा?

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संपूर्ण संच असतो. यकृताच्या पेशीत डोळ्याची जनुके असतात आणि डोळ्यातल्या पेशीत यकृताची. फरक पडतो तो कोणती जनुके चालू आणि कोणती बंद यामुळे. समजा, एका वाड्यातल्या दहा बिऱ्हाडांत 'रुचिरा'ची एकेक प्रत आहे. पुस्तक एकच, पण एका घरात पुरणपोळीचे पान रोज उघडले जाते, दुसऱ्या घरात लोणच्याचे. घराला वास कशाचा येतो हे पुस्तकावरून ठरत नाही, उघडलेल्या पानांवरून ठरते.

पाने उघडण्याचे काम काही खास प्रथिने करतात. ती जनुकांना ठराविक जागी चिकटतात आणि त्यांना चालू किंवा बंद करतात. त्यांना नियामक प्रथिने म्हणू. गेरिंग यांचे पॅक्स ६ हे अशाच एका नियामक प्रथिनाचे जनुक. सहसा एकटे नियामक प्रथिन पेशीचा प्रकार ठरवत नाही. तीन-चार किंवा अधिक नियामकांची टोळी एकत्र काम करते, एकमेकांना चालू ठेवते आणि पेशीला तिच्या मार्गावरून ढळू देत नाही. म्हणून तर यकृताची पेशी विभागली की यकृताच्याच दोन पेशी होतात. पॅक्स ६ हेच जनुक नाकाच्या आणि स्वादुपिंडाच्या घडणीतही लागते, हे इथे लक्षात ठेवावे. तेव्हा एवढ्या एका जनुकाच्या साक्षीवर माशीचा आणि माणसाचा डोळा एकच म्हणणे हा घाईचा निकाल ठरतो.

पूर्वी पेशींचे प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली आकार आणि रंग पाहून ठरवत. त्या पद्धतीने माणसाच्या शरीरात सुमारे दोनशे प्रकार मोजले गेले, आणि तोच आकडा अजून पाठ्यपुस्तकांतून फिरतो आहे. २००९ साली एकाच पेशीतला सारा संदेशवाही आरएनए वाचून काढण्याचे तंत्र प्रथम यशस्वी झाले. एखाद्या पेशीत कोणकोणती पाने उघडी आहेत याची यादीच आता हाती मिळते. तेव्हापासून दोनशे हा आकडा फारच तोकडा असल्याचे दिसू लागले आहे. पण आमच्या दृष्टीने या तंत्राचे मोल आकडा वाढण्यात नाही. अगदी दूरच्या दोन प्राण्यांतल्या पेशींच्या याद्या शेजारी ठेवून ताडता येतात, यात ते आहे.

प्रकाश टिपणारी दोन घराणी

प्राण्यांच्या डोळ्यात प्रकाश टिपण्याचे काम ऑप्सिन नावाची प्रथिने करतात. ऑप्सिनच्या कुशीत रेटिनल नावाचा एक लहान रेणू बसलेला असतो आणि तो अ जीवनसत्त्वापासून बनतो. आहारात अ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो, त्याचे कारण हेच. प्रकाशाचा कण पडला की रेटिनलचा वाकडा रेणू सरळ होतो, त्यामुळे ऑप्सिनचा आकार बदलतो आणि पेशीत पुढची रासायनिक साखळी सुरू होते.

ऑप्सिन पेशीपटलात बसते. जितके पेशीपटल जास्त, तितका प्रकाश जास्त टिपला जाणार. म्हणून प्रकाशपेशीला आपले पेशीपटल वाढवावे लागते, आणि ते वाढवण्याच्या दोन रीती प्राण्यांत दिसतात. एका रीतीत पेशीला एक पक्ष्माभिका फुटते आणि तिचेच पटल घड्या घालून वाढते. आपल्या दृष्टिपटलातील दंडाकार आणि शंक्वाकार पेशी या रीतीच्या. दंडाकार पेशीच्या टोकाशी चवडीसारख्या रचलेल्या शेकडो चकत्या असतात. त्या मुळात पक्ष्माभिकेच्याच घड्या. दुसऱ्या रीतीत पेशीच्या पृष्ठभागावरच बोटांसारखे असंख्य बारीक फाटे उगवतात आणि ब्रशच्या केसांसारखे दाटीने उभे राहतात. माशीच्या, खेकड्याच्या, माकुलाच्या डोळ्यातल्या पेशी या रीतीच्या. आपण पहिल्यांना पक्ष्माभिकी आणि दुसऱ्यांना कुंचली म्हणू. दुसरे नाव आम्ही या लेखापुरते पाडले आहे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील रिचर्ड ईकिन यांनी हा भेद ठळकपणे मांडला आणि ही दोन स्वतंत्र घराणी असावीत असे सुचवले. पुढे कळले की भेद नुसता बाह्यरूपाचा नाही. दोन्हींत ऑप्सिन वेगळ्या शाखेचे, त्याने हाक दिल्यावर धावणारी प्रथिने वेगळी आणि विजेचा संकेतही चक्क उलटा. माशीच्या पेशीवर प्रकाश पडला की पेशीपटलातली आयनांची दारे उघडतात आणि पेशी उत्तेजित होते. आपल्या दंडाकार पेशीत ही दारे अंधारात उघडी असतात. ती उघडी ठेवण्याचे काम चक्रीय जीएमपी हा रेणू करतो. प्रकाश पडला की एक विकर त्याचा फडशा पाडते, दारे बंद होतात आणि पेशी शांत होते. अंधारात बोलणारी आणि उजेडात गप्प बसणारी पेशी ऐकायला विचित्र वाटते. पण आपण पाहतो ते तिच्या गप्प बसण्यामुळेच.

थोडक्यात, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या डोळ्यात पक्ष्माभिकी घराणे आणि कीटक, कवचधारी, मृदुकाय यांच्या डोळ्यात प्रामुख्याने कुंचली. अपवाद होतेच. स्कॅलप नावाच्या शिंपल्याच्या इवल्याशा डोळ्यात दोन दृष्टिपटले असतात, एक या घराण्याचे आणि एक त्या. पण ढोबळ चित्र असे होते की ज्याचे त्याचे घराणे वेगळे, तेव्हा ज्याचा त्याचा डोळा वेगळा.

नेरीसच्या मेंदूत

हे चित्र २००४ साली एका समुद्री किड्याने मोडले. शाळेच्या पुस्तकात वलयी प्राण्यांच्या यादीत गांडूळ आणि जळूच्या बरोबरीने नेरीसचे नाव येते. त्याच गोतावळ्यातील प्लॅटिनेरीस हा किडा प्रयोगशाळेत सहज वाढतो, आणि त्याच्यात पुरातन वैशिष्ट्ये बरीच टिकून आहेत असे मानले जाते. त्याच्या डोळ्यात अपेक्षेप्रमाणे कुंचली पेशी आहेत. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे डेटलेव्ह आरेंट आणि सहकाऱ्यांनी मात्र डोळ्यांऐवजी त्याच्या मेंदूकडे लक्ष दिले. तिथे पक्ष्माभिका असलेल्या काही पेशी होत्या, ज्यांचे काम माहीत नव्हते. या पेशींत त्यांना ऑप्सिन सापडले, आणि ते होते कणाधारी प्राण्यांच्या शाखेचे. आपल्या दृष्टिपटलाच्या घडणीत लागणारे एक नियामक जनुकही या पेशींत चालू होते. रूप तेच, ऑप्सिन त्याच शाखेचे, नियामकही तोच. तीन वेगवेगळ्या साक्षीदारांनी न ठरवता एकच जबानी द्यावी तसे हे झाले.

या पेशी किड्याला पाहायला मदत करत नाहीत. त्या अतिनील किरण ओळखतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले की अतिनील किरण पडले की या किड्याची अळी खाली, खोल पाण्याकडे पोहू लागते आणि त्यामागे याच पेशी असतात. उन्हापासून जीव वाचवण्याची ही सोय आहे.

याचा अर्थ नीट पाहू. एकाच प्राण्यात दोन्ही घराणी नांदताहेत: कुंचली डोळ्यात, पक्ष्माभिकी मेंदूत. मग माणूस, माशी आणि नेरीस यांचा जो शेवटचा सामाईक पूर्वज होता, पंचावन्न कोटी वर्षांपेक्षाही जुना, त्याच्या अंगीही दोन्ही असल्या पाहिजेत. पुढे वंशाच्या फांद्या फुटल्या. कीटकांकडे जाणाऱ्या फांदीने डोळ्यासाठी कुंचली पेशी वापरल्या. आपल्या फांदीने मेंदूतल्या पक्ष्माभिकी पेशी डोळ्यात आणल्या. 'आणल्या' हा शब्द फारसा अलंकारिक नाही. गर्भात आपले दृष्टिपटल तयार होते ते मेंदूलाच फुटलेल्या दोन फुग्यांतून. दृष्टिपटल हा बाहेर डोकावणारा मेंदूचाच भाग आहे. आणि मासे, बेडूक, सरडे, पक्षी यांच्या मेंदूच्या माथ्यावरील तृतीयनेत्र ग्रंथीत आजही पक्ष्माभिकी प्रकाशपेशी असतात.

आपल्या कुंचली पेशी कुठे गेल्या?

इथे प्रश्न उभा राहतो. पूर्वजात दोन्ही घराणी होती, तर आपल्यात दुसऱ्या घराण्याचे काय झाले? ते नष्ट झाले असेही असू शकले असते. पण उत्तराचा धागा एका वेगळ्याच, जुन्या निरीक्षणात होता.

१९२० च्या दशकात हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या क्लाइड कीलर यांना काही उंदीर आढळले, ज्यांच्या डोळ्यातल्या दंडाकार पेशी अनुवंशिक दोषामुळे नाहीशा झाल्या होत्या. उंदीर आंधळे होते. पण प्रकाश टाकला की त्यांची बाहुली आकुंचन पावत होती. कीलर यांनी हे १९२७ साली प्रसिद्ध केले आणि डोळ्यात प्रकाश जाणणारे आणखी काहीतरी असावे अशी शंका मांडली. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. दंडाकार आणि शंक्वाकार एवढेच दोन प्रकार असतात हे पुस्तकात छापलेले होते आणि छापलेल्या मजकुराचा दरारा आपल्याकडेच आहे असे नाही.

१९९८ साली इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि सहकाऱ्यांना बेडकाच्या कातडीतील रंगपेशींत एक नवे ऑप्सिन सापडले. त्याला त्यांनी मेलॅनॉप्सिन नाव दिले. त्याची रचना कणाधारी प्राण्यांच्या नेहमीच्या ऑप्सिनपेक्षा कीटक आणि माकुलाच्या ऑप्सिनला जवळची होती. थोड्याच काळात ते माणसाच्या दृष्टिपटलातही आढळले, पण दंडाकार किंवा शंक्वाकार पेशींत नव्हे. ते होते गुच्छिका पेशींत, म्हणजे ज्यांचे लांब तंतू एकत्र येऊन दृक्‌चेता बनते त्या पेशींत. गुच्छिका पेशी म्हणजे केवळ टपालवाल्या, दुसऱ्यांनी टिपलेला संदेश मेंदूकडे पोचवणाऱ्या, अशी तोवरची समजूत. २००२ साली डेव्हिड बर्सन आणि सामेर हत्तार यांच्या गटांनी दाखवले की त्यांतल्या थोड्या पेशी स्वतःच प्रकाश टिपतात. उंदराच्या जातीतल्या प्राण्यांवरील प्रयोगांत, बाकी सर्व पेशींकडून येणारे संदेश औषधांनी तोडले तरी या पेशींना उजेड कळत होता.

आता घराण्याच्या खुणा पाहा. मेलॅनॉप्सिन कुंचली शाखेचे. त्याच्या पुढची रासायनिक साखळी माशीच्या डोळ्यातल्यासारखी. उजेडात ही पेशी माशीच्या पेशीसारखीच उत्तेजित होते, आपल्या दंडाकार पेशीसारखी शांत होत नाही. माशीत प्रकाशपेशी घडण्यासाठी जे 'एटोनल' नावाचे नियामक जनुक लागते, त्याच कुळातले जनुक उंदरात गुच्छिका पेशी घडण्यासाठी लागते. एक बारीकशी खूणही आहे. माशीची प्रकाशपेशी आपला तंतू थेट मेंदूकडे धाडते, आपली गुच्छिका पेशीही धाडते. दंडाकार आणि शंक्वाकार पेशींना मात्र मध्यस्थ लागतात. रूप तेवढे पालटले. गुच्छिका पेशीला कुंचला उरलेला नाही. पण आपला दूरचा नातलग ॲम्फिऑक्सस, त्याच्या अंगात कुंचला असलेल्या आणि मेलॅनॉप्सिन वापरणाऱ्या पेशी आजही आहेत. मधला दुवा म्हणून आणखी काय हवे?

म्हणजे आपल्या डोळ्यात दोन्ही घराणी राहतात. एक पाहण्यासाठी. दुसरे दिवस की रात्र हे मेंदूतल्या घड्याळाला सांगण्यासाठी आणि बाहुलीच्या आकुंचनात हातभार लावण्यासाठी. माशीचा डोळा आणि माणसाचा डोळा एकाच पूर्वजाकडून आले का, या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला त्यामुळे एका शब्दात उत्तर देता येत नाही. डोळे वेगवेगळे बांधले गेले. ज्या पेशींनी बांधले त्या जुन्या आणि सामाईक आहेत. माशीच्या डोळ्यातल्या पेशींचे आपल्यातले सख्खे भाऊबंद शोधायचे, तर ते दंडाकार पेशींत नाहीत, गुच्छिका पेशींत आहेत.

ही नुसती वंशावळीची हौस नाही. बोस्टन येथे चार्ल्स साइस्लर आणि सहकाऱ्यांनी अकरा अंध व्यक्तींची तपासणी केली. प्रखर प्रकाशाने शरीरातले मेलॅटोनिन हे रात्रीचे संप्रेरक कमी होते का, ते त्यांनी पाहिले. अकरांपैकी तिघांत ते डोळस माणसाप्रमाणे कमी झाले. हा अहवाल १९९५ सालचा, मेलॅनॉप्सिनचा पत्ता लागण्याआधीचा. या तिघांना काहीही दिसत नव्हते, पण त्यांच्या मेंदूला सकाळ झाल्याचे कळत होते. अंध झालेला डोळा निरुपयोगी समजून काढून टाकण्याचा विचार कधी कधी होतो. वेदना किंवा रोगामुळे तो काढावाच लागतो, तेव्हा इलाज नाही. पण एरवी त्यात दुसरे घराणे शाबूत आहे की नाही हे आधी तपासायला हवे, नाहीतर त्या माणसाच्या झोपेचे चक्रच बिघडण्याचा धोका असतो. दृष्टिहीन मुलांसोबत काम करणाऱ्या शिक्षकांनाही हे माहीत असावे. एखाद्या मुलाला रात्री झोप न येणे आणि वर्गात डुलकी लागणे हा दर वेळी आळस नसतो.

दिसण्यावर जाऊ नये

पेशी एकसारख्या दिसल्या म्हणजे नात्यातल्याच, असे मात्र समजू नये. याचे जुने उदाहरण स्पंजाचे आहे. स्पंजाच्या अंगात कॉलर पेशी असतात. मध्ये एक कशाभिका आणि तिच्याभोवती बारीक फाट्यांची गळपट्टी. कशाभिका पाणी ढवळते आणि गळपट्टीत जिवाणू अडकतात. पाण्यात राहणारे कोॲनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव हुबेहूब असेच दिसतात. अमेरिकन निसर्गअभ्यासक हेन्री जेम्स-क्लार्क यांनी हे साम्य १८६६ च्या सुमारास नोंदवले आणि तेव्हापासून प्राण्यांची सुरुवात अशाच एकपेशीय जीवापासून झाली असावी असे मानले गेले. जनुकसंच वाचून झाल्यावर कोॲनोफ्लॅजेलेट हे प्राण्यांचे सर्वात जवळचे एकपेशीय नातलग आहेत हे तर पक्के झाले. पण कॉलर पेशी थेट त्यांच्यापासून आली का? २०१९ साली ऑस्ट्रेलियातील एका गटाने स्पंजाच्या वेगवेगळ्या पेशींतली उघडी पाने कोॲनोफ्लॅजेलेटच्या पानांशी ताडून पाहिली. अपेक्षेप्रमाणे कॉलर पेशी सर्वात जवळची ठरायला हवी होती. ती ठरली नाही. उलट कॉलर पेशी रूप बदलून दुसऱ्या प्रकारच्या पेशी होतात असेही दिसले. जीव जवळचे नातलग, पेशींचे साम्य मात्र संशयास्पद, असा हा पेच आहे आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

स्नायूंचेही तसेच. जेलीफिशच्या छत्रीतले पट्टेदार स्नायू आपल्या दंडातल्या पट्टेदार स्नायूंसारखे दिसतात. २०१२ साली त्यांतली प्रथिने तपासली, तेव्हा आपल्या स्नायूंचे पट्टे बांधणारी काही महत्त्वाची प्रथिने जेलीफिशमध्ये नाहीतच असे आढळले. पट्टे दोनदा, वेगवेगळ्या वाटांनी आले. रूपसाम्य आणि नाते यांत गल्लत होऊ नये म्हणून नियामकांची आणि प्रथिनांची साक्ष वारंवार काढावी लागते, ती यासाठी.

नवा प्रकार जन्मतो कसा?

घराणी जुनी असतात हे ठीक, पण घराण्यात नवी शाखा कशी फुटते? याचेही उत्तर दृष्टिपटलातच मिळते. शंक्वाकार पेशी भर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाकार पेशी अंधुक प्रकाशासाठी. त्या इतक्या हळव्या असतात की प्रकाशाचा एक कणसुद्धा त्यांना जाणवतो, पण भर उन्हात त्या निकामी ठरतात. माणसाच्या एका डोळ्यात शंक्वाकार साधारण साठ लाख आणि दंडाकार बारा कोटींच्या घरात. संख्येवरून दंडाकार पेशी मूळच्या वाटाव्यात, पण ऑप्सिनांची वंशावळ उलटे सांगते. दंडाकार पेशींचे ऑप्सिन शंक्वाकार पेशींच्या ऑप्सिनांतून फुटलेली उशिराची फांदी आहे. आधी शंकू, मग दंड.

ही फांदी फुटायला एक योग कारणी लागला. कणाधारी प्राण्यांच्या आरंभीच्या काळात संपूर्ण जनुकसंचाच्याच प्रती वाढल्या. प्रकाशाच्या रासायनिक साखळीतल्या कित्येक प्रथिनांच्या दोन-दोन प्रती हाती आल्या. घरात एकच सायकल असेल तर ती कामावरही न्यायची आणि बाजारातही. दोन झाल्या की एकीला मागे कॅरिअर बसवता येते, दुसरी हलकी ठेवता येते. तसेच झाले. एक प्रत शंक्वाकार पेशीच्या वेगासाठी घडत गेली, दुसरी दंडाकार पेशीच्या हळवेपणासाठी. जबडा नसलेल्या लँप्रे या माशात प्रकाशाचा एकेक कण टिपणाऱ्या दंडासारख्या पेशी आहेत, हे २०१५ साली मोजून दाखवले गेले. लँप्रेची आणि आपली वाट फुटली त्याला पन्नास कोटी वर्षे होत आली, तेव्हा ही वाटणीही निदान तितकी जुनी.

वाटणी आजही कशी सांभाळली जाते? सस्तन प्राण्यांत एनआरएल नावाच्या एका नियामक प्रथिनावर बरेच अवलंबून असते. २००१ साली हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्या दृष्टिपटलात एकही दंडाकार पेशी झाली नाही. त्या जागी शंक्वाकार धर्तीच्या पेशी भरल्या. उलट, शंकू होऊ घातलेल्या पेशींत हे प्रथिन जबरदस्तीने चालू केले तर त्यांचे दंड झाले. दोन शेजारच्या प्रकारांमध्ये एवढाच पडदा आहे. दंडाकार पेशी म्हणजे जणू शंक्वाकार पेशीवर चढवलेला एक मजला, आणि तो मजला चढला नाही की खालचे जुने घर तसेच उघडे राहते.

डॉक्टरांच्या दृष्टीने हा पडदा पातळ असणे ही आशेची गोष्ट आहे. दृष्टिपटलाच्या काही अनुवंशिक रोगांत दोष दंडाकार पेशींच्या जनुकात असतो. त्या आधी मरतात. मग निर्दोष शंक्वाकार पेशीही त्यांच्या मागोमाग जातात आणि माणूस अंध होतो. २०१३ साली अशा रोगाच्या प्रौढ उंदरांत एनआरएल बंद करून पाहिले गेले. दंडाकार पेशी थोड्या शंकूंकडे झुकल्या, सदोष प्रथिनाची त्यांना पूर्वीइतकी गरज उरली नाही, आणि त्या जगल्या. त्यांच्याबरोबर शंक्वाकार पेशीही तगल्या. उंदरावरून माणसाकडे येईपर्यंत पुष्कळ मजल मारायची आहे. पण ही कल्पना सुचली ती दंडाकार आणि शंक्वाकार पेशी सख्ख्या आहेत हे ठाऊक असल्यामुळे.

शाखा फुटणे अजून थांबलेले नाही, असे म्हणावेसे वाटते. बहुतेक सस्तन प्राण्यांत शंक्वाकार पेशी दोनच तऱ्हेच्या असतात. आपल्या आणि आशिया-आफ्रिकेतील माकडांच्या सामाईक पूर्वजात तांबड्या बाजूच्या ऑप्सिनचे जनुक एक्स गुणसूत्रावर दुप्पट झाले. दोन प्रतींत किंचित फरक पडला आणि आपल्याला हिरवे-तांबडे वेगळे दिसू लागले. ही जनुके एक्सवर असल्यामुळेच तांबडे-हिरवे रंगांधत्व मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळते. पण तांबडा शंकू आणि हिरवा शंकू हे पेशींचे दोन प्रकार मानायचे का? दोघांचे नियामक सारखेच. कोणती पेशी कोणते ऑप्सिन निवडते हे बहुधा नाणेफेकीसारखे ठरते. केवळ एका प्रथिनाचा फरक. काही जण त्यांना दोन प्रकार म्हणतात, आम्ही एकच म्हणतो. आणखी दोन-तीन कोटी वर्षांनी एखादा नियामक त्यांच्यात पडदा घालील, किंवा घालणारही नाही.